पणजीचं नाव ठाऊक आहे?

अगं, एक विचारू? तुझ्या पणजीचं नाव तुला सांगता येईल? माहेरचं आणि सासरचं, दोन्ही?

वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पितृपंधरवड्यात आमच्या नारायणगावच्या घरी गुरुजींनी वडील, आजोबा, पणजोबांची नावं विचारली. दादानं घडाघडा सांगितली. मग पणजीचं विचारलं आणि ओसरीवर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. जिच्या कष्टावर घर उभं राहिलं, तिच्या नावानं पाणी सोडता येईना. त्या दिवशी घास गोड लागला नाही बघ.

म्हणून सांगते, आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बस. ‘पणजी कशी होती?’ असं विचारलंस तर ‘चांगली होती’ एवढंच मिळेल. नदीवर धुणं घेऊन कुणाबरोबर जायची, जात्यावर काय गायची, ते विचार. आमच्या आत्याला पणजीची ओवी आठवली आणि ओवीतून पणजीच्या भावाचं गाव कळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या जमवल्या, त्या उगाच नाही. अक्षर न शिकलेल्या बायकांनी आपला जन्म त्यांत सांगून ठेवलाय.

मग आपल्या तालुक्याची तहसील कचेरी गाठ, आमची जुन्नरला आहे. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी गाव नमुना नंबर 14, म्हणजे कोतवाल बुक, माग. जुनी पानं मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं कुणी बरोबर ने. बाईच्या नावापुढं ‘कोम’ दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. फेरफारातल्या वारसनोंदीही बघ. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुली वारस झाल्या, आणि कितीकींची नावं हक्कसोड लिहून घेऊन कमीही केली गेली.

आमची पणजी मला अशाच कागदावर भेटली. आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिचं हक्कसोडपत्र होतं. वर तिची दोन्ही नावं, मध्ये ‘राजीखुशीने’, आणि खाली निळ्या शाईत डाव्या हाताचा अंगठा. ठशाच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ. आत्यानं त्यावर बोट ठेवलं. म्हणाली, “गहू सोंगताना विळा लागला होता तिला.”

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं नाव अख्खा महाराष्ट्र घेतो, सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं, आणि ते व्हायलाच हवं. पण जन्मभर गहू सोंगणाऱ्या बाईची आठवण घरच्यांनी नाही ठेवली, तर कोण ठेवणार?

तेव्हा येत्या पितृपंधरवड्याआधी एक वही घाल. पहिल्या पानावर पणजीची दोन्ही नावं लिही, गाव लिही. आणि सांगणारी आहे तोवर विचारून घे गं.