संदर्भासह स्पष्टीकरण

गेल्या वर्षी इयत्ता आठवीच्या वर्गात आम्ही मराठीचा तास घेत असता मागच्या बाकांवरून हास्याचा एकच कल्लोळ उठला. चौकशी करता एका विद्यार्थ्याच्या वहीतून एक छापील कागद निघाला. त्यावर जुन्या अमेरिकन कॉमिकमधील एक चित्र होते. बॅटमन नामक वीर, जो दुर्जनांस धडकी भरावी म्हणून वटवाघळाचा काळसर वेष धारण करतो, तोच येथे भडक गुलाबी पोशाखात उभा होता, आणि आपणांस रोज रात्री निराळ्या रंगाचा पोशाख घालणे भाग आहे, असे मोठ्या गांभीर्याने सांगत होता. आम्ही तो कागद जप्त केला व असल्या पोरकट वाङ्मयावर पाच मिनिटे कठोर भाषण केले. तास संपल्यावर तो विद्यार्थी टेबलाजवळ येऊन नम्रपणे म्हणाला, “सर, ती गोष्ट आपण वाचली आहे का?”

वाचली नव्हती. परीक्षेच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण लिहा’ असा प्रश्न घालणाऱ्या शिक्षकास हे शब्द लागावे तसे लागले.

मग आम्ही ती गोष्ट मिळवून वाचली. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २४१ वा अंक, मार्च १९५७. बॅटमनचा बालसहकारी रॉबिन दिवसा आपल्या खऱ्या नावाने समाजात वावरतो, आणि तसा वावरत असतानाच कोणाचे प्राण वाचविताना त्याच्या हातास लोकांदेखत दुखापत होते.  रॉबिनचाही हात दुखावलेला आहे हे कोणाच्या ध्यानात आले, तर रॉबिन कोण याचा उलगडा तत्काळ व्हावयाचा. तेव्हा लोकांच्या नजरा त्या हाताकडे जाऊच नयेत, त्या आपल्यावरच खिळून राहाव्यात, म्हणून बॅटमन रोज नवा रंग चढवून निघतो. धाकट्याचे बिंग फुटू नये यासाठी थोरल्याने चारचौघांत स्वतःचे हसे करून घेतले होते. चित्र हास्यास्पद होते यात शंका नाही. परंतु ते हास्यास्पद असावे हेच त्या कथेचे मर्म होते.

तेव्हापासून असल्या चौकटी मिळतील तेथून पाहण्याचा आम्हांस छंदच जडला. त्यांतील कित्येक अशा आहेत की त्या काढणाऱ्याच्या मनात वाचकास हसविण्याचा हेतू मुळीच नव्हता. ही चित्रे कोणत्या परिस्थितीत तयार होत, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. जून १९३८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला, त्यात जेरी सीगेल व जो शुस्टर या दोघा तरुणांचा सुपरमॅन प्रथम अवतरला. चौसष्ट पृष्ठांच्या त्या अंकाची किंमत दहा सेंट होती. तेरा पानांच्या त्या कथेबद्दल, सर्व हक्कांसह, दोघांस मिळून १३० डॉलर मिळाले. पुढे हा धंदा वाढला तशी कामाची वाटणी झाली. एकाने गोष्ट लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने आकृती काढाव्यात, तिसऱ्याने संवादांच्या फुग्यांतील अक्षरे लिहावीत, चौथ्याने शाई फिरवावी, आणि रंग कोणता द्यावा हे पाचव्याने ठरवावे. छपाई स्वस्त, कागद वर्तमानपत्राचा. अंक एकदा वाचून फेकून देण्याचा; पन्नास वर्षांनी कोणी त्यातील एकेक चौकट भिंगाखाली धरील, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

सुपरमॅनच्या त्या पहिल्या कथेच्या पहिल्याच पानावर या वीराच्या सामर्थ्याचे ‘शास्त्रीय’ स्पष्टीकरण दिलेले आहे. मुंगी आपल्या वजनाच्या शेकडो पट ओझे उचलते आणि नाकतोडा आपल्या मानाने प्रचंड उडी मारतो. मग परग्रहावरील मनुष्याने तसे का करू नये? हा युक्तिवाद वाचून प्रथम हसू येते आणि नंतर विज्ञानाच्या तासाची आठवण होते. विद्यार्थी मित्रहो, गणित करून पाहा. मुंगीची लांबी, रुंदी व उंची दसपट वाढविली तर तिचे वजन १० × १० × १०, म्हणजे हजारपट होईल. परंतु स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, ते १० × १० म्हणजे शंभरपटच वाढेल. म्हणजे आपल्या वजनाच्या मानाने ती पूर्वीच्या एक दशांश बळाची राहील. मनुष्याएवढी मुंगी ओझे उचलणे दूरच, स्वतःच्या पायांवर उभी राहील की नाही याचीच शंका. हा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाडाच्या आकृतीसह समजावून दिला आहे. सुपरमॅनच्या जन्माआधी बरोबर तीनशे वर्षे! तरीही या चौकटीविषयी आमच्या मनात आदरच आहे. मुलांच्या दहा सेंटांच्या अंकातही ‘हे कसे घडते’ याचे कारण द्यावे लागते, एवढी जाणीव त्या दोघांस होती. आणखी एक गोष्ट : आरंभी सुपरमॅनला उडता येत नसे, तो उड्या मारीत असे. त्या काळच्या चित्रांत तो हवेत पाय टाकीत चालल्यासारखा दिसतो आणि आजच्या मुलांस हसू फुटते. पण चित्रकाराने उडीच काढली होती.

काही विनोद निव्वळ घाईचे होत. मार्च १९६३ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्या अंकात नायक पीटर पार्कर याचे आडनाव एका कथेत चक्क ‘पामर’ असे छापले गेले. (मराठी वाचकास तर ते अधिकच गमतीचे वाटावे!) लेखक स्टॅन ली एकाच वेळी अनेक मासिकांचे लेखन सांभाळीत असे. पुढच्या वर्षी त्याच्याच लेखणीतून ब्रूस बॅनर या पात्राचे नाव ‘बॉब’ असे उतरले. वाचकांनी चूक दाखविताच त्याने जाहीर केले की त्याचे संपूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असे आहे! चूक झाकण्याची ही तऱ्हा आमच्या काही विद्यार्थ्यांस परिचित असावी. हाच बॅनर ज्या राक्षसाचे रूप घेतो तो हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात करड्या रंगाचा होता. परंतु करडा रंग सर्वत्र एकसारखा उमटेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला, आणि आज तो हिरवाच सर्वांस ठाऊक आहे.

याच प्रकाशनगृहाने पुढे एक मौजेची चाल काढली. चूक दाखविणाऱ्यास नव्हे, तर ती चूक मुळात चूक कशी नाही हे युक्तीने पटवून देणाऱ्या वाचकास एक बक्षीस पाठविले जाई. लिफाफ्यावर अभिनंदन छापलेले असे, आणि आत काहीही नसे.

१९५१ साली एका मुखपृष्ठावर पिंजऱ्यातील गोरिला पाटीवर लिहून दाखवीत आहे की आपण एका भयंकर शास्त्रीय प्रयोगास बळी पडलो आहोत. तो अंक इतका खपला की प्रत्येक संपादकास मुखपृष्ठावर गोरिला हवा झाला, आणि अखेर महिन्यास एकच गोरिला असा निर्बंध घालावा लागला, असे त्या अंकाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ सांगत असत. त्याच वर्षीच्या बॅटमनच्या ६६ व्या अंकात जोकर नामक खलनायकाच्या हातून एक मूर्खपणाची चूक घडते व सारे शहर त्यास हसते. मग तो इतिहासातील प्रसिद्ध घोडचुकांवर आधारलेले गुन्हे करण्याचा चंग बांधतो. ‘घोडचूक’ या अर्थी जो इंग्रजी शब्द त्या कथेत पुनःपुन्हा येतो, त्यास पुढे निराळाच अर्थ चिकटला. तो येथे देण्याचे प्रयोजन नाही. आज त्या पानांवर लोक पोट धरून हसतात. लेखकाने चूक केली नाही; शब्द त्याच्या पाठीमागे बदलला.

मात्र संदर्भ लावला की प्रत्येक चौकट शहाणी ठरते असे नव्हे. फ्लेचर हँक्स नावाचा चित्रकार १९३९ ते १९४१ या अवघ्या काळात आपल्या कथा स्वतःच लिही व स्वतःच चितारी. त्याचा स्टारडस्ट नावाचा जादूगार एका दुष्टाचे सारे शरीर त्याच्याच डोक्यात जिरवून टाकतो आणि ते डोके अंतराळात भिरकावून देतो. तेथे मुंडकी गोळा करणारा, पण स्वतःस मुंडके नसलेला, एक राक्षस वाट पाहत असतो! ही गोष्ट आम्ही दोनदा वाचली. दुसऱ्या वाचनाने काही भर पडली नाही. आणि काही जुन्या चित्रांत, विशेषतः काळ्या वर्णाच्या माणसांच्या विद्रूप आकृती जेथे आहेत तेथे, हसू येऊच नये. तेथे संदर्भाने दोष कमी होत नाही, वाढतो.

येथवर सारे हसण्यावारी झाले. परंतु एक चौकट कापून घेऊन तीवरून निवाडा देण्याची हीच रीत दुसऱ्या कामीही वापरण्यात आली. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतील स्पेन्सर या गावी शाळकरी मुलांनी, शिक्षकांच्या प्रोत्साहनाने, सुमारे दोन हजार कॉमिक्सची होळी केली. डिसेंबरात बिंगहॅम्टन येथील एका शाळेने तेच केले. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचा ग्रंथ निघाला. कॉमिक्स वाचून मुले बिघडतात असा त्याचा आरोप होता. वर्थम हा वाईट मनुष्य नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरिबांसाठी त्याने दवाखाना चालविला, आणि काळ्या मुलांस वेगळ्या शाळांत ठेवण्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. परंतु ग्रंथात त्याने चौकटी कथेतून सुट्या करून छापल्या. एका चित्रातील खांद्याचा भाग तेवढा कापून मोठा केला आणि त्यात भलतेच काही दडले आहे असे सुचविले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे चौकशी झाली व प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली, जी २०११ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकली. कित्येक मासिके बंद पडली. वर्थमचे कागदपत्र २०१० साली अभ्यासकांस खुले झाले. कॅरल टिली या विदुषीने ते तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले की, मुलांच्या जबान्याही त्याने अशाच कापल्या व जोडल्या होत्या. कोठे अनेकांचे बोल एकाच्या तोंडी घातले होते, तर कोठे मुलाच्या घरची परिस्थितीच वगळली होती.

हे वाचीत असता आमच्या टेबलाच्या खणात तो गुलाबी बॅटमनचा कागद तसाच पडून होता.

पालकवर्गापैकी ज्यांनी १९६४ ते १९९० या काळात निघालेली इंद्रजाल कॉमिक्स वाचली असतील, त्यांस वेताळाचे ईडन बेट आठवेल. तेथे सिंह, वाघ आणि हरिणे एकत्र नांदतात. वाघासमोर हरीण निर्धास्त उभे आहे एवढीच चौकट एखाद्यास दाखवा, तो हसेल. पण त्या पशूंस लहानपणापासून मासे खाण्याची सवय लावली आहे, हे कथेत सांगितलेले असते. ते पटणे न पटणे ही गोष्ट वेगळी. लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेल्या अंकांत आम्ही हे वाचले होते, आणि आम्हांस ते पूर्णपणे पटले होते.

त्या विद्यार्थ्यास आम्ही कागद परत केला व वर्गापुढे आमची चूक सांगितली. त्याने तो वहीत चिकटविला आणि खाली, न सांगता, त्या चौकटीचे संदर्भासह स्पष्टीकरण लिहून आणले. पाचांपैकी चार गुण दिले. एक शुद्धलेखनापायी गेला.