माशाचा श्वास कुठे अडतो?

पहाटे एखाद्या शेततळ्यावर गेलात तर कधी कधी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन ‘आ’ करताना दिसतील. सेलू-आर्वीकडे रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात हे दृश्य पाहून गोळा येतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे कारण शोधण्याआधी थोडे गणित करू.

एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हवेच्या सान्निध्यात असलेल्या एक लिटर पाण्यात, २० अंश सेल्सिअसला, सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो. ३० अंशांना जेमतेम साडेसात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात तळे तापते तसा पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते! इतक्या तुटपुंज्या साठ्यावर जगायचे, तर ते शोषण्याचे साधन उत्तम हवे. ते साधन म्हणजे कल्ले.

बाजारातून आणलेल्या रोहूचे कल्ल्यावरचे झाकण उचलून पाहा. प्रत्येक बाजूला चार कमानी, प्रत्येक कमानीवर लाल तंतूंच्या दोन रांगा, आणि भिंगातून पाहिल्यास तंतूंवर अतिशय पातळ पापुद्रे. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये केवळ काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हा पडदा इतका पातळ का? प्राणवायू तो विसरणाने ओलांडतो, आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्थिर पाण्यात १० मायक्रॉन जायला प्राणवायूच्या रेणूला सरासरी सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. १ मिलिमीटर, म्हणजे शंभरपट अंतर जायला, सुमारे चार मिनिटे!

आता या पडद्यावर डॅक्टिलोगायरस नावाचा चपटा कृमी येऊन बसतो असे समजा. तो बहुधा मिलिमीटरभरही लांब नसतो. मागच्या टोकाच्या आकड्यांनी तो कल्ल्यात रुततो आणि तिथल्या पेशी खातो. चिडलेला कल्ला सुजतो, बुळबुळीत स्राव सोडतो, पापुद्रे एकमेकांना चिकटतात. पडद्याची जाडी दुप्पट झाली की त्यातून दर सेकंदाला जाणारा प्राणवायू निम्मा होतो. पापुद्रे चिकटून क्षेत्रफळही निम्मे झाले, तर उरतो चौथा हिस्सा. पाण्यात प्राणवायू आहे, पण मासा गुदमरतो.

शेतकऱ्याला उपयोगी पडणारी खूण इथेच आहे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते. म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी भरपूर असतो. मासे फक्त पहाटेच वर येत असतील, तर दोष बहुधा पाण्याचा. भर दुपारीही ते आ करीत असतील तर कल्ले तपासावेत. अमोनिया वाढल्यानेही असेच होते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा तुकडा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. तुमच्या शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही त्याला पुरतो.

हा कृमी तळ्यात येतो तो पुष्कळदा बोटुकलीबरोबर. तेव्हा ती सोडण्यापूर्वीच मिठाच्या पाण्यात बुडवून काढणे शहाणपणाचे. शंभर लिटर पाण्यात दोन ते तीन किलो मीठ, वेळ काही मिनिटांची, आणि मासा कलंडू लागताच बाहेर. नेमकी वेळ माशाच्या आकारावर ठरते. ती मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना विचारून घ्यावी. खारट पाणी परासरणाने कृमीच्या अंगातले पाणी ओढून घेते. माशाचेही ओढते, पण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग लहान असल्यामुळे तो काही वेळ तग धरतो.

अंड्यांना मात्र कवच असते. मिठाने ती सहसा मरत नाहीत, आणि कोमट पाण्यात काही दिवसांतच फुटतात. बाहेर पडलेली पोहणारी अळी मधला कोणताही प्राणी न शोधता थेट दुसऱ्या माशाचा कल्ला गाठते. म्हणून रोग दिसल्यास तीच आंघोळ काही दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. दाटीच्या तळ्यात अळीला हा कल्ला चटकन सापडतो. त्यामुळे तिथे आधी मासे विरळ करावे लागतात.