अपूर्ण संभावनार्थाचा अभ्यास : भाचीस पत्र



तुझे पत्र पोचले. स्पॅनिशच्या अभ्यासात, ज्यांना मी या पत्रापुरते 'अपूर्ण संभावनार्थ' म्हणणार आहे त्या रूपांपाशी येऊन तुझी गती खुंटली आहे, आणि कोष्टके मुखोद्गत असूनही बोलताना ऐन वेळी योग्य रूप सुचत नाही, अशी तुझी तक्रार आहे. ती रास्तच आहे. परंतु दोष तुझ्या स्मरणशक्तीचा नसून ज्या क्रमाने तू या प्रकरणास हात घातलास त्या क्रमाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे रूप मूळ धातूपासून साधू नये. साध्या भूतकाळाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनापासून साधावे. 'आब्लार' म्हणजे बोलणे आणि 'आब्लारोन' म्हणजे ते बोलले. त्यातील अंत्य 'रोन' गाळून रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय जोडले की आब्लारा, आब्लारास ही सारी मालिका बिनतक्रार हजर होते. 'कोमेर'चे (खाणे) कोम्येरोन, म्हणून कोम्येरा. 'बिबिर'चे (राहणे, जगणे) बिब्येरोन, म्हणून बिब्येरा. या नियमाचा अंमल केवळ नियमित धातूंपुरता नाही. 'तेनेर' (जवळ असणे) हा धातू भूतकाळात पार बदलून 'तुब्येरोन' होतो, आणि तरीही त्याचे संभावनार्थी रूप मुकाट्याने 'तुब्येरा' असेच येते. या नियमाला अपवाद नाही. म्हणून ज्याचा साधा भूतकाळ पक्का झालेला नाही, त्याने या प्रकरणात पाऊल टाकण्याची घाई करू नये.

आघाताकडे मात्र कसोशीने लक्ष दे. 'आब्लारा' यात 'ब्ला'वर जोर दिला तर हे आपले रूप, आणि तोच जोर अंत्य 'रा'वर गेला तर 'तो बोलेल' असा भविष्यकाळ; मराठीत आघाताने सहसा काळ बदलत नसल्यामुळे आपल्या कानास हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. 'आब्लारामोस'मध्येही जोर 'ब्ला'वरच राहतो आणि लिहिताना तेथे आघातचिन्ह द्यावे लागते.

'आब्लासे, आब्लासेस' ही दुसरी मालिका पाहून तू गोंधळलीस. 'रा'ची मालिका लॅटिनमधील पूर्णभूत निर्देशार्थापासून आणि 'से'ची पूर्णभूत संभावनार्थापासून आली. स्पेनमध्ये दोन्ही चालतात. अमेरिका खंडातील बोलण्यात 'से' क्वचितच कानी पडते. तू 'रा' बोल आणि 'से' वाचताना ओळख, एवढे पुरे.

आता खरी अडचण. 'सि आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीआ एन माद्रिद' या वाक्याचा आशय आपण 'मला स्पॅनिश बोलता येत असते, तर मी माद्रिदमध्ये काम केले असते' असा मांडतो. आपल्या संकेतार्थात दोन्ही खंडांची क्रियापदे एकाच घडणीची असतात. स्पॅनिशमध्ये अटीच्या खंडात संभावनार्थ आणि फलाच्या खंडात 'रीआ'युक्त रूप, अशी वाटणी ठरलेली आहे, आणि मराठीभाषक ती हमखास विसरतो. उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोसकडे आणि बास्क प्रांतात, स्थानिक लोकही अटीच्या खंडात 'रीआ' घालतात. परंतु प्रमाण भाषेत ती मुभा नाही. शिवाय नावातील 'अपूर्ण' हा शब्द भूतकाळ सुचवत असला तरी येथे भूतकाळाचा संबंध नाही. उद्याची असंभाव्य गोष्टही याच रूपात सांगतात.

याहून सूक्ष्म स्थळ इच्छावाचक वाक्यांचे आहे. 'तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे' आणि 'तू बोलावेस अशी माझी इच्छा होती' या दोन्हींत आपले 'बोलावेस' तसूभरही हलत नाही. स्पॅनिशमध्ये 'क्येरो के आब्लेस', पण 'केरीआ के आब्लारास'. मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की गौण वाक्यासही त्याच्यामागे जावे लागते. मराठी मनाने रचलेले स्पॅनिश वाक्य माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा याच ठिकाणी फसते, म्हणून तुझ्या श्रमाचा मोठा वाटा येथे खर्च होऊ दे. 'कोमो सि' (जणू काही) आणि अप्राप्य इच्छेचे 'ओखाला' यांच्या मागे हे रूप येते, ते सरावाने आपोआप जमेल. 'किस्येरा आब्लार कोन उस्तेद' ही विनंतीची अदबशीर पद्धत तर तुला परकी वाटूच नये, कारण 'आपल्याशी जरा बोलायचे होते' असे म्हणताना आपणही वर्तमानातील इच्छा भूतकाळातच मांडतो.

सुटी रूपे घोकणे आजपासून बंद कर. अटीची आणि भूतकालीन इच्छेची वाक्ये रोज स्वतःच्या आयुष्यातून रचून वहीत लिही, आणि त्यांतील निवडक पुढच्या टपालाने मजकडे धाड; मी ती तपासून दुरुस्त्यांसह परत करीन. तुझ्या आईस माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा