रबराचा चीक व सुरीची मर्यादा

केरळांतील कोट्टयम् जिल्ह्यांत एका मळ्यांत आम्हीं सहकुटुंब रबराची कृति पाहिली. पहांटे चिकाचा दाब अधिक असतो, म्हणून छेद तेव्हांच देतात. सालींत तिरपी खांच पाडली कीं पांढरा चीक करवंटींत ठिबकतो. त्यांत सुमारें तिसरा हिस्सा रबर असतें. पाणी व फॉर्मिक आम्ल घालून तो थिजवितात, रुळांतून दाबून पातळ पत्रे काढतात व धुरावर वाळवितात.

आमच्या मुलानें विचारलें, “खोल कापल्यास चीक अधिक येईल ना?” मळेवाल्यानें एक जुनें गांठाळ खोड दाखविलें. सालीखालच्या वाढीच्या थरास सुरी लागली, तर साल नीट भरून येत नाहीं व पुढील छेदास जागा उरत नाहीं. सुमारें सात वर्षें जोपासलेलें झाड अशा लोभापायीं बिघडतें. शेतकरीबंधूंनीं हें ध्यानीं ठेवावें.