मुलाने घेतलेली उचल
शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १:१०-१९

ह्या पाठातील दुष्ट लोक तरुणास धमकी देत नाहीत, ते त्यास बोलावितात. लुटीत वाटा मिळेल, सर्वांची थैली एकच राहील, असे सांगतात. बापाला हीच गोष्ट मुलाच्या ध्यानी आणावयाची आहे.

सन २०२२ च्या सुमारास पुण्यात कोयते परजून दहशत घालणाऱ्या टोळ्यांची वार्ता वारंवार येऊ लागली, व तीत अल्पवयीन मुलेही सापडली. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस कोयता ऊसतोडीमुळे परिचित आहे. फडावर नवराबायकोच्या जोडीसही 'कोयता'च म्हणतात, आणि मुकादमाची उचल घेतलेल्या जोडीस ती फिटेपर्यंत मोकळीक नसते, हे आम्ही त्यांस काय सांगावे!

टोळीही मुलास उचलच देते. आधी वडापाव, मग दुचाकीवरून फेरी, मग मोबाईल. हिशेब कोणी मागत नाही. एके दिवशी मात्र, 'एवढी पिशवी तेथे पोचव,' असे सांगण्यात येते. आत गांजा आहे की हत्यार, हे त्याने विचारावयाचे नाही. नकार दिला की जुने सर्व देणे एकदम निघते. पोर सापडले तर त्याला शिक्षा सौम्य होईल व आपण मागे राहू, असा मोठ्यांचा हिशेब असतो. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे मुलास गुन्ह्याच्या कामी लावणाऱ्यास किमान ३ व कमाल १० वर्षे कैद आणि दंड आहे.

कित्येक मुले केवळ भयाने कोयता जवळ बाळगतात. ज्याच्याजवळ हत्यार असते तो पळून जाण्याऐवजी उभा राहतो, आणि तेथेच घात होतो.

घरात नवा मोबाईल दिसला तर बापाने प्रथम काठी घेऊ नये. मार खाल्लेले पोर जेथे चहा मिळतो तेथेच परत जाते. (आम्ही उपदेशकही कुसंगतीवर गर्जना करून मोकळे होतो, त्याने मुले अधिकच लपवितात.) कोणी दिला, काय सांगितले, हे शांतपणे विचारावे. खाल्लेल्या वडापावाचे देणे पिशवी वाहून फेडावे लागत नाही, असे त्यास स्पष्ट सांगावे. मोबाईल परत करावयास त्यास एकटे पाठवू नये. टोळीशी आपणही बोलणी करू नयेत. १०९८ हा मुलांच्या साहाय्याचा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे. पोलिसांकडे जाताना बापाबरोबर उपदेशकाने जावे.

रविवारच्या वर्गात मुलांस विचारावे : वचन १४ मधील ती एक थैली कोणाच्या हाती असते? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.