मुलींची डोकी तेलकट का होतात?



ईस्टरच्या पार्सलमधून तुम्ही मुलींसाठी खोबरेल तेलाच्या बाटल्या पाठवल्या, त्याबद्दल मनापासून आभार. आता थोड्या संकोचाने लिहिते की पुढच्या वेळी तेल नको. त्याचे कारण सांगते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या वसतिगृहात सकाळच्या प्रार्थनेआधी तेलवेणी होते. चोपडून तेल आणि घट्ट दोन वेण्या म्हणजे नीटनेटकी मुलगी, असे शाळाही मानते आणि आम्हीही मानत होतो. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचे केस रविवारी धुतले तरी सोमवारी चिकट दिसत. शाळेत तिला सगळ्यांसमोर "डोके धूत नाहीस का?" असे विचारून मागच्या बाकावर बसवले. मीही तिला रागावले. ती म्हणाली, "सिस्टर, मी धुतलं होतं." मला ते खरे वाटले नाही. दिवाळीच्या सुट्टीला ती गावी गेली ती परतलीच नाही.

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मुलींनी पागोळ्यांखाली डोकी धुतली. तोच साबण, त्याच मुली, आणि केस मात्र भुरभुरीत! मग मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचे पाणी, दुसरीत पावसाचे, दोन्हींत सारखाच साबण किसून टाकला आणि हलवले. पावसाच्या पाण्यावर दाट फेस आला. बोअरच्या पाण्यात फेस जेमतेम, आणि पांढरा साका गोळा झाला, बोटाला मेणासारखा चिकटणारा. आमचे पाणी जड आहे, त्यात डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, हे स्वयंपाकाच्या मावशींना केव्हापासून ठाऊक होते. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन तो साका बनतो आणि केसांवरच बसतो. म्हणजे मुलगी जितका जास्त साबण लावील तितके केस चिकट. शाम्पू, रिठा किंवा शिकेकाईने असा साका होत नाही. शेवटच्या तांब्यात थोडे लिंबू पिळले तरी बराच फरक पडतो.

वयाचाही भाग आहेच. केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना संप्रेरके वाढली की त्या जास्त तेल सोडू लागतात, आणि सरळ केसांवर ते लवकर पसरते. यात मुलीचा काही दोष नाही. त्यावर आपण रोज वरून तेल घालतो, आणि उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून आठवड्यातून एकदाच धुवायला सांगतो! कोंडा असेल तर तेल लावूच नये, कारण टाळूवरची एक प्रकारची बुरशी त्या तेलावरच पोसते. अशा मुलींना डॉक्टरांनी कीटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. केसांच्या चिकटपणाबरोबर पाळी फार अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आता आम्ही तेल फक्त केसांच्या टोकांना लावतो, तेही धुण्याच्या आदल्या रात्री. प्रत्येकीला वेगळा कंगवा हवा आहे. शाम्पूच्या पुड्या पाठवल्यात तर उपयोगी पडतील. छपराचे पाणी साठवायला एक टाकी मिळाली तर त्याहून बरे.

जुलैत मी त्या मुलीच्या पाड्यावर गेले. ती शेतात निंदत होती. बांधावर बसून तिला बाटल्यांची गोष्ट सांगितली आणि तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण डोक्यावरचा रुमाल काढून केस दाखवले. नदीच्या पाण्याने धुतलेले, मोकळे. निंदणी उरकली की पाठवते, असे आई म्हणाली. अजून ती आलेली नाही. तिची खाट आम्ही कोणाला दिलेली नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा.