चाळीस त्रिकोणांचा घुमट

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) बीबी का मकबरा पाहिला आहे ना? सतराव्या शतकातील या वास्तूचा घुमट किती गुळगुळीत! तोच आपल्याला संगणकावरील खेळात उभा करायचा आहे. संगणक मात्र असे आकार बहुधा सपाट त्रिकोण जोडून रचतो.

त्रिकोणच का? कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात बसतात. चार बसतीलच असे नाही. तीन पायांची तिवई डुगडुगत नाही, ती यामुळेच.

सोपेपणासाठी घुमट अर्धगोल धरू. तळाशी वर्तुळाऐवजी अष्टकोन घ्या आणि वर तीन थर रचा. खालच्या दोन थरांत प्रत्येकी ८ चौकोन, म्हणजे १६ त्रिकोण, शेंड्याला ८. एकूण ४०!

बाजू आणि थर दुप्पट केले, तर त्रिकोण होतात १७६. अष्टकोनाच्या बाजूचा मध्य वर्तुळापासून त्रिज्येच्या सुमारे ७.६ टक्के आत असतो. सोळा बाजू घेतल्यास १.९ टक्के. गोलाई सुधारते, पण संगणकाचे कामही वाढते.

‘लो पॉली’, म्हणजे मोजक्या बहुभुजांच्या शैलीत, कलाकार मुद्दाम थोडक्यावर थांबतात. प्रत्येक पैलूला एकच रंग देतात : उजेडाकडचा फिका, पाठमोरा गडद. या छटांमुळेच आकार उठून दिसतो.

पुठ्ठ्याचा असा घुमट करून खिडकीत ठेवा व दुरून पाहा. पैलू मोजता येतील. तरी मन म्हणेल, हा घुमटच!